कातळातल्या भेगा कुठल्या दिशेने धावतात? नवख्यांसाठी मोजणीची पद्धत

शेजाऱ्याच्या बोअरला तीन इंच पाणी आणि बांधाच्या अलीकडे आपल्या बोअरमधून नुसती धूळ, हे आपल्याकडे गावोगाव घडतं. मग नशिबाला बोल लावला जातो, नाहीतर पाणाड्याला. खरं कारण बहुतेक वेळा खडकात असतं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा कातळ तयार झाला. घट्ट बेसाल्टच्या अंगात पाणी मुरायला जागा जवळपास नसते, पाणी असतं ते भेगांत. भेग उभी आणि अरुंद असेल तर सहा इंचांचं भोक तिच्यापासून दोन मीटरवरूनही कोरडं खाली जाऊ शकतं.

म्हणून भेग आहे का, या प्रश्नाइतकाच ती कुठल्या दिशेने जाते हा प्रश्न मोलाचा ठरतो. दिशा कळली की चांगल्या बोअरपासून भेगेच्या रेषेवर सरकायचं की तिला आडवं, हे ठरवता येतं. बोगदा खणणारे, धरणाचा पाया तपासणारे, खाणीचा कडा सांभाळणारे, सगळ्यांना हीच माहिती हवी असते. हा लेख मात्र प्रामुख्याने पाण्यासाठी दिशा शोधणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. भूशास्त्राचे विद्यार्थी, पाणलोटात काम करणारे कार्यकर्ते, नुकतेच सर्वेक्षणात आलेले अभियंते यांना तो वापरता येईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुठलंही एक यंत्र दिशा सांगत नाही. यंत्र आकडे देतं, आणि दोन वेगवेगळ्या मार्गांनी आलेले आकडे एकाच बाजूला बोट दाखवू लागले तरच त्याला दिशा म्हणायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अटीसाठी आहेत.

आधी तीन शब्द

भेग म्हणजे एक पातळ, तिरपा किंवा उभा पृष्ठभाग. हा पृष्ठभाग आडव्या जमिनीला जिथे छेदतो त्या रेषेची दिशा म्हणजे स्ट्राइक. पृष्ठभाग आडव्याशी किती अंशांनी कललेला आहे तो डिप, आणि कुठल्या बाजूला कललेला आहे ती डिपची दिशा. ती स्ट्राइकशी नेहमी काटकोनात असते. स्ट्राइक उत्तरेपासून पूर्वेकडे ६० अंश असेल तर भेग ईशान्य-नैऋत्य रेषेच्या जवळपास धावते, आणि तिचा कल १५० अंशांकडे (म्हणजे आग्नेयेच्या बाजूला) किंवा ३३० अंशांकडे असतो. वहीत स्ट्राइक लिहिलाय की डिपची दिशा, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. या दोघांत ९० अंशांचा फरक आहे, आणि निम्मे घोळ इथेच होतात.

पायरी १: यंत्र काढण्याआधी डोळ्यांनी बघा

गावाभोवती दोन-तीन किलोमीटरच्या टापूत उघडा कातळ शोधा. नाल्याचं पात्र, रस्त्यासाठी फोडलेली टेकडी, दगडखाण, जुन्या विहिरीच्या बाजू, सगळं चालेल. भूमिती शिकवायला मोठ्या विहिरीसारखी दुसरी जागा नाही, कारण तिथे भेग चारही बाजूंनी दिसते आणि उन्हाळ्यात पाणी कुठल्या भेगेतून पाझरतं तेही दिसतं. विहीरमालकाला विचारा, "झरा कुठल्या अंगाला आहे?" उत्तर बहुधा तयार असतं आणि बहुधा बरोबरही असतं. विहिरीत उतरू मात्र नका, काठावरून बघा.

ब्रंटन कंपासने (दिशा आणि कल दोन्ही मोजणाऱ्या होकायंत्राने) प्रत्येक भेगेचा स्ट्राइक आणि डिप घ्या. पाच-दहा नोंदींवर थांबू नका, पन्नासेक तरी व्हायला हव्यात. मग १०-१० अंशांचे गट करून गुलाब-आकृती काढा, म्हणजे ज्या दिशेला नोंदी जास्त तिथे पाकळी लांब असा गोल आलेख. ज्या पाकळ्या लांब, त्या भेगांच्या मुख्य दिशा.

बेसाल्टमध्ये इथे दोन फसव्या जागा आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि खांबांसारखे सांधे पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ते सगळ्यात देखणे दिसतात. या सांध्यांची तोंडं बहुभुजी असल्यामुळे ते सगळ्या दिशांना जातात. ते सगळे गुलाब-आकृतीत टाकलेत तर गुलाब गोल होईल आणि काहीच कळणार नाही. जी भेग अनेक खांब कापत सरळ पुढे जाते आणि एका थरातून दुसऱ्या थरात उतरते, तिचीच नोंद करा.

दुसरी फसवणूक कंपासची. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, आणि वीज पडलेल्या टेकडीच्या माथ्यावर खडक इतका चुंबकित झालेला असू शकतो की सुई बऱ्याच अंशांनी ढळते. ओळखायची सोपी युक्ती आहे. दोन खुणांमधली दिशा पहिल्या खुणेवरून दुसरीकडे बघून घ्या, मग दुसरीवरून पहिलीकडे. दोन आकड्यांत बरोबर १८० अंशांचा फरक हवा. तो नसेल तर कंपास खिशात ठेवा आणि जीपीएसने दोन लांबचे बिंदू घेऊन दिशा काढा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारतर एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक असतो, त्यामुळे त्याची फार चिंता नको. चिंता पायाखालच्या दगडाची करा.

शेजारीच उपग्रहचित्र ठेवा. इस्रोच्या भुवन पोर्टलवर ते फुकट पाहता येतं. सरळसोट धावणारा नाला, एका रेषेत उभी हिरवी झाडं, अचानक काटकोनात वळलेली नदी, अशा रेषांना लिनियामेंट म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात डाइकच्या, म्हणजे भेगेत गोठलेल्या लाव्हाच्या भिंतींच्या रांगाच आहेत आणि त्या ढोबळमानाने पूर्व-पश्चिम धावतात. कोकण किनाऱ्याला त्यांचा कल उत्तर-दक्षिण आहे. नाशिक-पुणे पट्ट्यात डाइक आहेत, पण एक ठरलेली दिशा नाही. म्हणजे तापीच्या खोऱ्यात शिकलेली दिशा घेऊन जुन्नरला जाण्यात काही अर्थ नाही. आणि उपग्रहचित्रावरची प्रत्येक सरळ रेषा भेग नसते. जुना बैलगाडीचा रस्ता, कालवा, सर्व्हे नंबरचा बांध, यांनाही लोकांनी हौसेने लिनियामेंट केलेलं आहे.

पायरी २: दिशेचा प्रश्न इथे लागू आहे का?

ही पायरी छोटी आहे, पण पैसे वाचवणारी आहे. दख्खनमध्ये पाणी फक्त उभ्या भेगांत नसतं. दोन लाव्हा-थरांच्या सांध्यावर, मांजऱ्या खडकाच्या (फुग्यांसारख्या पोकळ्यांत खनिजं भरलेल्या बेसाल्टच्या) झिजलेल्या पट्ट्यात, आडव्या पापुद्र्यांसारख्या सांध्यांतही ते असतं. आसपासच्या सगळ्या विहिरींना साधारण एकाच पातळीवर पाणी लागत असेल, तर साठा आडवा आहे. आडव्या भेगा सगळ्या दिशांना सारख्याच दिसतात. तिथे दिशा शोधत फिरण्यापेक्षा खोलीचं साधं सर्वेक्षण करा. उलट एका बोअरला पाणी आणि पन्नास मीटरवर ठणठणाट असा प्रकार असेल, तर पुढची पायरी घ्या.

पायरी ३: फिरवून घ्यायचं रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण

नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. यंत्र तुलनेने स्वस्त आहे, भाड्याने मिळतं, आणि चूक झाली तर आकड्यांतच दिसते.

तत्त्व असं. जमिनीत दोन सळयांतून वीज सोडायची आणि दुसऱ्या दोन सळयांत किती व्होल्टेज येतं ते मोजायचं. त्यावरून जमीन विजेला किती अडवते, म्हणजे तिची रेझिस्टिव्हिटी, काढता येते. उभ्या भेगांचा कातळ हा टेबलावर कडेवर उभ्या धरलेल्या पत्त्यांच्या जोडासारखा असतो. पत्त्यांच्या मधून, म्हणजे भेगांच्या लांबीने, वीज सहज जाते. पत्ते ओलांडत जाणं तिला जड पडतं. भेगेत पाणी असो, चिकणमाती असो की हवा, हा फरक राहतोच, फक्त कमी-जास्त होतो. म्हणून तीच मोजणी एका मध्यबिंदूभोवती वेगवेगळ्या दिशांना फिरवून घेतली की आकडे बदलतात, आणि त्या बदलात दिशा लपलेली असते.

सगळ्यात सोपी मांडणी वेनरची. एका सरळ रेषेत चार सळया, प्रत्येक दोघींमध्ये सारखं अंतर. बाहेरच्या दोन विजेच्या, आतल्या दोन व्होल्टेजच्या. अंतर २० मीटर घेतलं तर पूर्ण रेघ ६० मीटरची होते. मध्यबिंदूवर एक ठळक खुंटी ठोका आणि ती काम संपेपर्यंत हलवू नका. उत्तर ठरवा. मग ०, ३०, ६०, ९०, १२० आणि १५० अंशांवर रेघा आखा. १८० अंशांवर पुन्हा मोजायची गरज नाही, कारण ती रेघ शून्याचीच आहे. वेळ असेल तर १५-१५ अंशांनी घ्या.

वेनर मांडणीला जमीन साधारण सळयांमधल्या अंतराच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. २० मीटरला सुमारे १० मीटर. ४० मीटर खोलीवरची भेग हवी असेल तर अंतर ८० मीटर, म्हणजे २४० मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं हवं. आपल्याकडच्या शेतांत एवढी जागा ऊस, विहीर आणि शेजाऱ्याचं कुंपण न लागता क्वचितच मिळते. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे.

शेतावर काय सांभाळायचं:

- मे महिन्यात माती इतकी वाळलेली असते की सळईचा जमिनीशी संपर्कच होत नाही. सळईभोवती मिठाचं पाणी ओता आणि थोडं थांबा. उघड्या कातळावर चिकणमातीचा गोळा करून त्यात सळई रोवा.
- काळ्या मातीला उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात. सळई त्यात उभी केली की ती हवेत लटकते. वीत-दीड वीत बाजूला घट्ट जागी ठोका आणि सरकवलेलं अंतर लिहून ठेवा.
- तारेचं कुंपण, लोखंडी पाइपलाइन आणि विजेच्या खांबाची अर्थिंग यांपासून लांब राहा. प्लॅस्टिकच्या ठिबक नळ्यांचा त्रास नाही.
- प्रत्येक ठिकाणी वीज उलटसुलट करून किमान तीन वाचनं घ्या. त्यांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर संपर्क तपासा, सरासरी काढून पुढे पळू नका.
- यंत्र कित्येक शे व्होल्ट सोडतं. टोकाच्या दोन्ही सळयांपाशी माणूस उभा करा. शेतात पोरं असतात, म्हशी असतात. आभाळात गडगडाट सुरू झाला की तारा सोडून जा.

पायरी ४: आकडे मांडा आणि अक्ष ओळखा

वेनरमध्ये आभासी रेझिस्टिव्हिटी (जमीन सगळीकडे एकसारखी धरून काढलेली) = ६.२८ × अंतर × यंत्राने दाखवलेला रोध. २० मीटर अंतराला गुणक १२५.७ होतो. यंत्राने ०.७२४ ओहम दाखवले तर उत्तर ९१ ओहम-मीटर.

समजा सहा दिशांना असे आकडे आले (हे सरावासाठी मांडलेले आहेत): ० अंशांवर ६६, ३० वर ७८, ६० वर ९१, ९० वर ८०, १२० वर ६४, १५० वर ६१. ध्रुवीय आलेखाचा कागद घ्या, प्रत्येक दिशेला तेवढ्या लांबीचा बिंदू टाका, समोरच्या बाजूलाही तोच टाका, आणि बिंदू जोडा. लंबगोल तयार होईल. लांब अक्ष ६० अंशांवर, आखूड १५० वर. दोघांचं गुणोत्तर ९१ भागिले ६१, म्हणजे जवळपास १.५.

आता भेग कुठल्या दिशेला? नवखा माणूस म्हणतो, वीज भेगेच्या लांबीने सहज जाते, म्हणजे तिथे आकडा कमी हवा, म्हणून भेग १५० अंशांना. पटतं, आणि चूक आहे. चार सळया एका रेषेत असतात तेव्हा उलटं घडतं. रेघ भेगांना समांतर असली की वीज त्याच बाजूला गोळा होते, आतल्या दोन सळयांमधून जास्त वीज वाहते, व्होल्टेज वाढतं आणि आकडा मोठा येतो. खडकाचा गुण दिशेनुसार बदलणं म्हणजे विषमदिशता, आणि भूभौतिकीत या प्रकाराला विषमदिशतेचा विरोधाभास म्हणतात. म्हणून वेनर किंवा श्लुम्बर्जर (चार सळया एका रेषेत लावायची दुसरी मांडणी) यांत लांब अक्ष हाच स्ट्राइक. आपल्या उदाहरणात भेग ६० अंशांना धावते.

जागा कमी असेल तर चौरस मांडणी वापरा. ब्रिटिश भूभौतिकतज्ज्ञ हॅबरजॅम यांनी १९७० च्या दशकात तिच्यावर पायाभूत काम केलं. पुढे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लोकांनी न्यू हॅम्पशायरच्या ग्रॅनाइटी प्रदेशात तिने भेगांच्या दिशा काढल्या आणि १९९५ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. चार सळया चौरसाच्या चार कोपऱ्यांवर असतात. एका बाजूच्या दोन सळयांतून वीज सोडायची, समोरच्या बाजूच्या दोघींत व्होल्टेज मोजायचं, हे अल्फा वाचन. मग काटकोनातल्या बाजूने वीज, हे बीटा. शेवटी एका कर्णावर वीज आणि दुसऱ्यावर व्होल्टेज, हे गॅमा. बाजू २० मीटर असेल तर गुणक १०.७३ × २०, म्हणजे सुमारे २१४.५.

आखणीची सोय बघा. २० मीटर बाजूच्या चौरसाचा अर्धा कर्ण १४.१४ मीटर. तेवढी दोरी मध्यखुंटीला बांधा, वर्तुळ आखा, त्यावर १५-१५ अंशांनी २४ खुंट्या ठोका. या २४ खुंट्यांतच सहा चौरस बसतात, आणि प्रत्येक चौरसाच्या अल्फा-बीटातून दोन दिशा मिळतात. म्हणजे १५ अंशांच्या फरकाने पूर्ण अर्धवर्तुळ मिळालं. सगळं काम २८-२९ मीटर व्यासाच्या जागेत, वेनरला ६० लागले होते. खोली वेनरपेक्षा किंचित कमी मिळते एवढंच.

चौरसाचे दोन फायदे मला जास्त भावतात. पहिला, शेतातच हिशेब तपासता येतो: अल्फाचा रोध हा बीटा आणि गॅमा यांच्या बेरजेइतका यायलाच हवा. नाही आला तर तार चुकीच्या सळईला आहे किंवा संपर्क खराब आहे. दुसरा, ही मांडणी भेगांना फार हळवी आहे. ज्या जमिनीत वेनरचं गुणोत्तर १.५ येतं, त्याच जमिनीत चौरसाचं जवळपास ४ येतं.

पण चौरसात अक्षाचा नियम फिरतो. विजेच्या बाजूची दिशा धरून आलेख काढला, तर सगळ्यात मोठा आकडा भेगांच्या आडव्या दिशेला येतो, आणि सगळ्यात लहान आकड्याची दिशा म्हणजे स्ट्राइक. म्हणून प्रत्येक आलेखाच्या डोक्यावर मांडणीचं नाव ठळक लिहा. मांडणी न लिहिलेला लंबगोल दाखवून कुणी दिशा सांगत असेल, तर ती ९० अंशांनी चुकलेली असू शकते हे धरून चाला.

पायरी ५: खोटा लंबगोल ओळखा

लंबगोल आला म्हणजे भेग सापडली असं नाही. खाली कातळ एका बाजूला उतरत गेला असेल, एका अंगाला काळी माती जाड आणि दुसऱ्या अंगाला मुरूम उघडा असेल, शेजारून नाला जात असेल, तरीही आकडे दिशेनुसार बदलतात आणि छान लंबगोल तयार होतो. काळ्या मातीची रेझिस्टिव्हिटी अगदी कमी असते, त्यामुळे तिची जाडी एक-दोन मीटरने बदलली तरी आकडा हलतो.

तपासायचे तीन मार्ग आहेत. मध्यबिंदू तीस-चाळीस मीटर सरकवून सगळं पुन्हा घ्या. भेगा खऱ्या असतील तर अक्ष तिथेही तोच राहील, मातीचा खेळ असेल तर फिरेल. दुसरं, अंतर बदला: १०, २०, ४० मीटर. उथळ अंतराला गोल आणि खोल अंतराला एकाच दिशेचा लंबगोल मिळाला तर ते चांगलं लक्षण. तिसरा मार्ग ऑफसेट वेनरचा. त्यात एकाच रेघेवर पाच सळया सारख्या अंतराने लावायच्या. एकदा पहिल्या चार वापरायच्या आणि एकदा शेवटच्या चार. जमीन एकसारखी भेगाळलेली असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. मध्येच काही बदलत असेल तर ते फुटतात. या तिसऱ्या मार्गाला वेळ जास्त लागत नाही, तरी लोक तो टाळतात.

गुणोत्तर १.०५ किंवा १.१ आलं तर आलेख घडी घालून ठेवा. वाचनातली चूकच तेवढी असते. आणि दोन भेगसंच एकमेकांना काटकोनात, सारख्याच दाट असतील, तर आलेख गोल येईल. गोल आलेखावरून भेगा नाहीत असा निष्कर्ष काढू नका. एवढंच लिहा की या खोलीत एक दिशा वरचढ नाही.

पायरी ६: दुसरा साक्षीदार

व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी) हे हातात धरून चालायचं यंत्र. पाणबुड्यांशी बोलण्यासाठी नौदलं १५ ते ३० किलोहर्ट्‌झच्या टापूत रेडिओलहरी सोडतात. त्या जमिनीतल्या वाहक पट्ट्यांत वीज खेळवतात, आणि त्या विजेचं चुंबकीय क्षेत्र यंत्र टिपतं. भारतीय नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे आणि १८.२ किलोहर्ट्‌झवर चालतं. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केपचं केंद्र १९.८ वर.

भेगांना आडवं चालत दर दहा मीटरला वाचन घ्यायचं. भेगाळ पट्टा ओलांडताना आकडा धनातून ऋणात किंवा ऋणातून धनात जातो. समांतर तीन-चार रेघांवर ही जागा सापडली की नकाशावर बिंदू जोडा. जी रेषा मिळते तीच दिशा. रेझिस्टिव्हिटीने दिशा सांगितली होती, व्हीएलएफ दिशा आणि जागा दोन्ही सांगतं.

पण यात एक पूर्वग्रह बांधलेला आहे. ज्या भेगेची रेषा केंद्राकडे बोट दाखवते तीच ठळक दिसते. पुण्याहून कट्टबोम्मन दक्षिण-आग्नेयेला आणि ऑस्ट्रेलियाचं केंद्र आग्नेयेला आहे. म्हणजे दोन्ही केंद्रं वापरली तरी उत्तर-दक्षिण ते वायव्य-आग्नेय भेगा उठून दिसतील आणि ईशान्य-नैऋत्य भेगा दबतील. आपल्या उदाहरणातली ६० अंशांची भेग यात नीट न दिसण्याचीच शक्यता जास्त. "व्हीएलएफला काही दिसलं नाही" हा तिच्याविरुद्धचा पुरावा धरायचा नाही. विजेच्या उच्चदाब तारांखाली हे यंत्र वापरण्यात अर्थ नाही.

डाइक शोधायचा असेल तर मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, घ्या. समांतर रेघांवर उंचवटा किंवा खळगा एका ओळीत आला की डाइकची दिशा मिळाली. डाइक पाण्याला अडवतो किंवा त्याच्या कडेच्या तडकलेल्या पट्ट्यातून पाणी वाहतं, हे जागेवर तपासावं लागतं. म्हणून डाइक दिसला की लगेच त्याच्या डोक्यावर बोअर मारण्याची घाई नको.

जीपीआरबद्दल, म्हणजे जमिनीत रेडिओलहरी सोडणाऱ्या रडारबद्दल, विचारणा फार होते. कोरड्या, उघड्या कातळावर ते वरच्या काही मीटरांतल्या भेगा सुंदर दाखवतं. काळ्या मातीत मात्र त्याच्या लहरी वरच्या थरातच जिरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात ते घेऊन जाण्यापेक्षा भाड्याचे पैसे वाचवा.

भूकंपलहरींच्या पद्धती खर्चिक आहेत, तत्त्व तेवढं सांगतो. भेगांच्या लांबीने लहर जास्त वेगाने जाते, आडवी जाताना मंदावते. शिवाय एस-लहर (पुढे जाताना आडवी थरथरणारी लहर) भेगाळ खडकात शिरली की तिच्या दोन लहरी होतात. आधी पोचणारी साधारणपणे भेगांच्या दिशेने थरथरते, आणि दोघींमधला उशीर भेगांची दाटी सांगतो. तेलक्षेत्रांत याचा सर्रास वापर होतो.

पायरी ७: बोअर झाल्यावर भोकातून बघा

इथपर्यंतचं सगळं वरून लावलेला अंदाज आहे. भेग प्रत्यक्ष दिसते ती भोकात. ऑप्टिकल टेलिव्ह्यूअर भोकाच्या भिंतीचा चौफेर फोटो काढतो, त्याला कोरडं भोक किंवा नितळ पाणी लागतं. अकूस्टिक टेलिव्ह्यूअर ध्वनीने भिंत चाचपतो, त्याला भोक पाण्याने भरलेलं लागतं, पाणी गढूळ असलं तरी चालतं.

भिंतीचं हे चित्र उलगडून सपाट केलं की तिरपी भेग लाटेसारखी दिसते. लाटेचा सगळ्यात खालचा बिंदू ज्या दिशेला, ती डिपची दिशा. लाटेची वरपासून खालपर्यंतची उंची भागिले भोकाचा व्यास, ही डिपची स्पर्शज्या (टॅन). साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटर भोकात लाट २८५ मिलिमीटर उंच असेल तर भागाकार १.७३, डिप ६० अंश. खालचा बिंदू १५० अंशांवर असेल तर स्ट्राइक ६०. आपल्या वेनरशी जुळला.

टेलिव्ह्यूअर दिशा ठरवतो त्याच्या पोटातल्या चुंबकमापीवरून. लोखंडी केसिंगमध्ये आणि केसिंगच्या तोंडाखाली थोड्या अंतरापर्यंत त्याच्या दिशेवर विश्वास ठेवू नका. शिवाय उभं भोक उभ्या भेगांना क्वचितच गाठतं. ही त्रुटी रूथ टेरझागी यांनी १९६५ मध्ये मांडली आणि दुरुस्तीही दिली: भोकाचा अक्ष आणि भेगेचा पृष्ठभाग यांत जो कोन, त्याच्या ज्येने (साइनने) १ ला भागायचं. ८० अंश डिपच्या भेगेसाठी उभ्या भोकात हा कोन १० अंश, म्हणजे तशी एक भेग दिसली तर ती जवळपास ६ म्हणून मोजायची. ही दुरुस्ती न करता काढलेली गुलाब-आकृती आडव्या भेगांची बाजू घेते.

भिंतीवर दिसणारी प्रत्येक चीर निसर्गाची नसते. ड्रिलिंगच्या दाबानेही भिंत फाटते. उभ्या भोकात समोरासमोर, १८० अंशांवर, उभ्या धावणाऱ्या दोन चिरा दिसल्या तर त्या तशा असण्याचा संभव मोठा. त्या भेगांच्या यादीत घालू नका, पण फेकूही नका, कारण त्या जमिनीतल्या सगळ्यात मोठ्या आडव्या ताणाची दिशा दाखवतात. त्या दिशेला समांतर असलेल्या भेगा उघड्या राहण्याची शक्यता जास्त. कोयनेत यावर मोठं काम झालं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथलं जलाशयाशी जोडलेलं कंपन समजून घेण्यासाठी पुढे खोल छिद्रण हाती घेतलं गेलं, आणि कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीमार्फत गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटरचं पथदर्शी भोक घेतलं गेलं. तिथे बेसाल्ट सुमारे १,२५० मीटर जाड निघाला, त्याखाली ग्रॅनाइटी खडक. एवढ्या खोलीवर सळया आणि दोऱ्यांचं काम उरत नाही, भोकातली मोजणी आणि भूकंपलहरी हेच मार्ग.

भेग दिसली म्हणून तिच्यातून पाणी वाहतंच असं नाही. ती गेरूने किंवा झिओलाइट या खनिजाने बुजलेली असू शकते. भोकात फ्लोमीटर (प्रवाह-मापी) किंवा तापमान-मापी सोडून, पंप चालू ठेवून, नेमकं कुठल्या खोलीवर पाणी आत येतं ते बघा. पाणी देणाऱ्या भेगांची वेगळी गुलाब-आकृती काढली तर ती सगळ्या भेगांच्या आकृतीपेक्षा बरीच वेगळी निघू शकते. बोअरची जागा ठरवताना वापरायची ती ही दुसरी.

पायरी ८: अहवालात काय लिहायचं

दिशा कधी एका आकड्याने लिहू नका. "६० अंश, अधिक-उणे १०" असं लिहा, आणि हे १० आले कुठून तेही लिहा: १५ किंवा ३० अंशांच्या पायऱ्या, दोन मध्यबिंदूंतला फरक, विहिरीतल्या नोंदींचा पसारा. कुठल्या खोलीसाठी ही दिशा आहे, मांडणी कोणती होती, उत्तर कशी ठरवली, मोजणी कुठल्या महिन्यात झाली, हे चारही हवंच. पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात त्याच जागी आकडे वेगळे येतात. दोन पद्धती जुळल्या नाहीत तर दोन्ही आलेख शेजारी-शेजारी छापा. आणि शेतकऱ्याला समजावताना अंश सांगत बसू नका. शेतात उभं राहून, "या बांधापासून त्या आंब्याकडे" असा हात करून रेष दाखवा, तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, आणि त्या खुंट्यांचे जीपीएस आकडे अहवालात टाका. नांगरटीत खुंट्या जातात.